पाखरांची ‘हाक’ की ‘ओ’?

प्रश्न असा आहे : थव्यानं राहणारे गायक पक्षी चरताना एकमेकांसाठी सारखा बारीक आवाज काढत असतात. इंग्रजीतल्या या ‘कॉन्टॅक्ट कॉल’ला एका अनुवादात ‘संपर्क-हाक’ म्हटलंय. ते बरोबर आहे का?

अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. ‘संपर्क’ म्हटलं की मला फोन नंबर आठवतो, ते सोडून देऊ. खरी अडचण ‘हाक’ची आहे. हाक कुणाला तरी मारायची असते, आणि त्यानं यावं, निदान ओ तरी द्यावी अशी अपेक्षा असते. या आवाजात ‘ये’ नसतंच. नुसतं ‘मी इथं आहे’ असतं. कुणी हाक न मारताच दिलेली ओ म्हणा.

पलूसकडं बांधावरच्या चिंचेखाली सातभाई बघा. (नाव सातभाई, पण थव्यात सहाही असतात, दहाही. इंग्रजांनी तर त्यांच्या सात बहिणी केल्या.) गायकांच्या गणात मोडत असले तरी बिचारे कलकलाटासाठीच बदनाम. पण ते पाचोळा उलथत असताना जरा गप बसून ऐका. एक जण पान उलटतो, किडा टिपतो आणि घशातल्या घशात काहीतरी पुटपुटतो. पलीकडचा मानही वर न करता तसंच पुटपुटतो. याला ‘हाक’ कोण म्हणेल?

आपल्याकडं माणसंही हेच करतात. भुईमुगाच्या भांगलणीला बायका एका ओळीत, सगळ्या सगळ्यांना दिसतात. तिथं आवाज लागतो तो गप्पांना. त्याच बायका पाला काढायला डोक्याएवढ्या उसात शिरल्या की दोन सऱ्यांपलीकडचं माणूस दिसत नाही. मग थोड्या थोड्या वेळानं “हायस न्हवं गं?”, “हाय की!” सुरू होतं. पाखरांचंही तसंच. झाडोरा दाट झाला, सोबती दिसेनासे झाले की नजरेचं काम आवाजावर येतं. गोंगाटात आवाज चढवावा लागतो तो त्यांनाही.

आणि एक गंमत. या आवाजाचा अर्थ दर वेळी ‘जवळ राहा’ असाच नसतो. आफ्रिकेतल्या कलाहारीत काळ्या-पांढऱ्या सातभाईंचा अभ्यास करून रॅडफर्ड आणि रिडली यांनी २००८ मध्ये दाखवलं, की चरताना एकमेकांत अंतर राखायलाही असे हळू आवाज कामी येतात. म्हणजे ‘मी इथं उकरतोय, तू तिकडं बघ’. भावकीतल्या बांधासारखंच! ‘साद’ हा गोड शब्द मला त्यामुळंच इथं नको वाटतो. साद घातली की ओढ आली; ‘लांब हो’ म्हणायला कुणी साद घालत नाही. ‘हाकारा’ तर मुळीच नको, तो शिकारीत जनावर उठवायला घालतात.

मग काय म्हणावं? माझं मत ‘चाहूल’ला. जवळ येण्याचं आमंत्रण तिच्यात नाही आणि लांब जाण्याचा हुकूमही नाही. कुणीतरी आहे, एवढंच ती सांगते. चाहूल सहसा नकळत लागते, मुद्दाम देत नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ‘चाहूल देत राहणे’ म्हटलं की तो बराचसा मिटतो. शिवाय जोडीला ‘कानोसा’ तयार आहे : एक चाहूल देतो, दुसरा कानोसा घेतो. ‘चरताना सातभाई एकमेकांना चाहूल देत असतात’ हे वाक्य अनुवादात बसवून बघा.

थव्यातून मागं राहिलेलं पाखरू मात्र मोठ्यानं ओरडतं, उत्तराची वाट बघतं, पुन्हा ओरडतं. इंग्रजीत पुष्कळदा तेही त्याच नावाखाली घालतात. आपण कशाला घालायचं? ती हाकच.