माऊसचं चाक उलटं चालतंय?

प्रश्न: मी पुण्यात एका छापखान्यासाठी मुद्रितशोधन करते. इतकी वर्षं विंडोजवर काम केलं, आता मुलाने घरी मॅक मिनी घेऊन दिला. माऊस जुनाच, चाकाचा, यूएसबीचा. त्याचं चाक स्वतःकडे ओढलं की पुढच्या ओळी दिसण्याऐवजी मागच्या ओळी येतात. छापखान्यात गेले की तिथल्या विंडोज १० वर सगळं पूर्वीसारखं. मुलगा म्हणतो, "आई, होईल सवय." सवय करून घेऊ, की हे बदलता येतं?
– एक मुद्रितशोधक, पुणे

उत्तर: ताई, बदला, आणि आजच बदला. पेजमेकर या जुन्या पानं लावायच्या प्रोग्रॅमच्या काळापासून मी डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम, करतो आहे. लांबलचक प्रूफ वाचताना डोळा ओळीवर असतो आणि चाक बोट आपसूक फिरवतं. तिथे बोटाला विचार करायला लावलं की वेलांटी सुटलीच म्हणून समजा. शिवाय तुम्हाला दोन्ही ठिकाणी काम करायचं आहे. घरी एक सवय आणि छापखान्यात दुसरी, हा ताण हाताला कशाला द्यायचा?

कृती अगदी छोटी आहे. पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून 'सिस्टिम सेटिंग्ज' उघडा. डावीकडच्या यादीत खाली 'माऊस' दिसेल; माऊस जोडलेला असू द्या. तिथलं 'नॅचरल स्क्रोलिंग'चं बटण बंद करा. झालं. संगणक बंद-चालू करायची गरज नाही. तिथेच चाकाचा वेग कमी-जास्त करायची पट्टीही आहे. प्रूफ वाचणाऱ्याने तो कमीच ठेवावा असं माझं मत, नाहीतर एका झटक्यात अर्धं पान निघून जातं.

मुलगा म्हणतो त्यातही तथ्य आहे, म्हणून कारण सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाऊसने १९९६ पासून चाक घरोघरी नेलं. त्या पद्धतीत चाक खाली फिरवलं की खिडकीच्या कडेची पट्टी खाली जाते आणि मजकूर वर सरकतो. २००७ मध्ये आयफोन आला. तिथे बोट थेट मजकुरावरच असतं, टेबलावरचा कागद सरकवावा तसं. बोट खाली नेलं की मजकूरही खाली. २०११ मध्ये मॅकच्या प्रणालीच्या 'लायन' आवृत्तीत ॲपलने हीच दिशा 'नॅचरल स्क्रोलिंग' म्हणून मॅकलाही लावली आणि तेव्हापासून नव्या मॅकवर ती आधीच चालू असते. फोनवर वाढलेल्या हाताला ती सरळ वाटते, तुमच्या हाताला पट्टीची सवय आहे. चूक कुणाचीच नाही.

उलट बाजूने, छापखान्यातला संगणक मॅकसारखा करायच्या फंदात मात्र पडू नका. विंडोज १० च्या माऊस सेटिंग्जमध्ये दिशेचा पर्यायच नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, शिरून त्या माऊसच्या नोंदीतली 'फ्लिपफ्लॉपव्हील' ही किंमत ० ची १ करावी लागते, त्याला ॲडमिनचे अधिकार लागतात आणि दुसरा माऊस लावला की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्याच्या संगणकावर हा उद्योग मी कुणालाही सुचवणार नाही. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत दिशेचा पर्याय माऊस सेटिंग्जमध्येच मिळतो. उबुंटू या लिनक्स प्रणालीवरही तो सेटिंग्जमध्ये आहे, आणि माऊस व टचपॅडसाठी वेगवेगळा.

मॅकवर तसं नाही, हे लक्षात ठेवा. पुढे कधी ट्रॅकपॅड (बोटांनी चालवायची सपाट पाटी, म्हणजेच टचपॅड) घेतलात, तर माऊसची दिशा बदलली की त्याचीही बदलते. मला ही ॲपलची मोठी उणीव वाटते, कारण ट्रॅकपॅडवर बोटांनी कागद सरकवणंच बरं पडतं. दोन्ही वेगळे हवे असतील तर 'स्क्रोल रिव्हर्सर' हा छोटा मोफत प्रोग्रॅम घ्या. तो 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतो, ती दिल्याशिवाय चालत नाही.

एक शंका राहते. तुमचा माऊस जुना आहे. चाक एकाच दिशेने फिरवताना पान मधूनच उलट उडी मारत असेल, तर तो सेटिंगचा दोष नाही. चाकाच्या आत धूळ गेली आहे किंवा आतला भाग झिजला आहे. फुंकर मारून पाहा. फरक पडला नाही तर सरळ नवा माऊस घ्या.