बाकाखालचं ओलं

प्रिय,

तुर्भ्याच्या शाळेत तुला पहिलीचा वर्ग मिळाला, फार आनंद झाला. वर्गात मराठी, हिंदी, भोजपुरी, कानडी बोलणारी पोरं आहेत, म्हणून इंग्रजीच्या तासाला दुसरी भाषा बंद करू का, असं विचारलंस. करू नकोस.

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा मी तो नियम केला होता. बाथरूमला जायचं तरी इंग्रजीतच विचारायचं. एक दिवस कानडी घरातली एक मुलगी रडत बसलेली दिसली, बाकाखाली ओलं. 'मे आय गो' एवढं तिला आठवलं नव्हतं. नियम मी त्याच दिवशी मोडला. तिची भीती जायला मात्र वर्ष लागलं.

पहिले दोन आठवडे नुसतं ऐक. पाण्याला पाणी, पानी, नीरु म्हणणारी पोरं वर्गात असतील. सगळ्यांकडून वदवून घे आणि त्याच रांगेत 'वॉटर' बसव.

एबीसीडीची घाई नको. आपल्या 'क'चं नाव क आणि आवाजही क. क, म, ळ म्हटलं की कमळ झालं. तेच पोर सी, ए, टी जोडून 'सीएटी' वाचतं. त्याने देवनागरीचा नियम इमानाने लावलेला असतो, त्यावर रागवू नकोस. एच या नावात तर 'ह' सापडतही नाही! म्हणून आवाज आधी, नावं मागाहून. 'ॲ' शिकवावाच लागत नाही, बॅट आणि बॅग त्यांच्या तोंडात असतातच. व्ही आणि डब्ल्यू मात्र दोन्ही आपल्या 'व'मध्ये मिसळतात. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखव, डब्ल्यूला ओठांचा चंबू. पोरं दिवसभर करत बसतील.

'यस्टरडे' आणि 'टुमॉरो'ला हिंदीवाली मुलं अडतील, कारण त्यांच्याकडे दोन्हीला 'कल'. तिथे मराठीचे काल आणि उद्या कामी येतात. समजावू दे मराठी पोरांनाच. 'आपण' आणि 'आम्ही' दोन्हीला 'वी' कसं, हे मात्र तेच तुला विचारतील.

वह्या कोऱ्या दिसल्या की पालक काळजीने येतील. त्यांना तासाला मागच्या बाकावर बसव, मुलं बोलताना ऐकू दे. पहिल्या पालकसभेला मीही वाशीहून येते.

तुझ्या बाई