नवी ‘प्रजाती’ की नवी ‘जाती’?

तासगावच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: “समुद्राच्या पाण्यात जीवाणूची नवी प्रजाती सापडली, अशी बातमी वर्गात वाचली. मुलं म्हणाली, पुस्तकात तर जीनसला प्रजाती म्हटलंय. मग इथे काय नवीन सापडलं, प्रजाती की जाती?”

बाई, मुलांनी नेमकं बोट ठेवलंय. पाठ्यपुस्तकात सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड, मोठ्या गटाकडून लहान गटाकडे, कुल, प्रजाती, जाती अशी आहे. म्हणजे जीनस ती प्रजाती आणि स्पीशीज ती जाती. अशा बातम्यांत बहुतेक वेळा ओळखीच्या प्रजातीतली नवी जातीच सापडलेली असते. हिंदीत स्पीशीजला सर्रास ‘प्रजाति’ म्हणतात, शिवाय ‘जाती’ लिहिताना आपला हात अडखळतो. त्यातून ही सवय लागली असावी, असं मला वाटतं.

पण जीवाणूंच्या बाबतीत ही सरमिसळ चालत नाही. फिशरी नावाच्या जातीचा समुद्री जीवाणू घ्या. हवाईच्या किनाऱ्यालगतच्या एका छोट्या स्क्विडच्या अंगात राहून तो उजेड पाडतो. पूर्वी तो पटकीच्या जंतूबरोबर व्हिब्रिओ प्रजातीत होता. २००७ साली त्याला अलीव्हिब्रिओ या नव्या प्रजातीत नेलं. जाती तीच राहिली, प्रजाती बदलली. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर हे वाक्य लिहिणार कसं?

जाती नवी आहे हे ठरवतानाही दोन्ही पायऱ्या वेगळ्या तपासतात. समुद्राचं पाणी मरीन आगरच्या, म्हणजे समुद्री जीवाणू वाढवायच्या खारट पोषक जेलीच्या, थाळीवर पसरतात. त्यातले बहुसंख्य जीवाणू तिथे उगवतच नाहीत. जे उगवतात त्यांच्या ठिपक्यांएवढ्या वसाहती दिसतात. त्यांतली एक उचलून निर्भेळ वाढवायची आणि तिच्या १६-एस या, सगळ्याच जीवाणूंत असलेल्या आणि म्हणून तुलनेला सोयीच्या, जनुकाची डीएनएची सुमारे १५०० अक्षरं वाचायची. सर्वांत जवळच्या ज्ञात जातीशी जुळणी ९८.७ टक्क्यांखाली आली, तर जाती नवी असण्याची दाट शक्यता. मग संपूर्ण जनुकसंच ताडून पाहतात. तिथली सीमा ९५-९६ टक्के; जुळणी त्याखाली असेल तर जाती नवी. १६-एसची जुळणी ९४-९५च्याही खाली गेली, तर मात्र प्रजातीच नवी असेल का, असा विचार सुरू होतो. नावाला मान्यता हवी तर जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. आपल्याकडे पुण्यात आणि चंदीगडला असे संग्रह आहेत.

या नमुन्याला ‘टाइप स्ट्रेन’ म्हणतात. स्ट्रेनसाठी मी ‘वाण’ वापरेन. तुमच्या मुलांना द्राक्षबागेतूनच सांगा: तास-ए-गणेश आणि सोनाका हे वाण, दोन्हींची जाती विनिफेरा, प्रजाती व्हायटिस.

आणि बातमी मुलांकडूनच दुरुस्त करून घ्या. त्यात जीवाणूचं दोन शब्दी शास्त्रीय नाव असेल, तर पहिला शब्द प्रजातीचा. तो जुनाच असेल तर फळ्यावर लिहा: ‘समुद्राच्या पाण्यात अमुक प्रजातीतल्या जीवाणूची नवी जाती सापडली.’