ज्वालामुखीच्या राखेने सहल अडली. भरलेले पैसे परत मिळतील का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नींनी मार्च २०२५ मधील बालीच्या सहलीसाठी मुंबईच्या एका पर्यटन कंपनीकडे २,३०,००० रुपये भरले होते. लेवोटोबी ज्वालामुखीच्या राखेमुळे विमान रद्द झाले आणि आम्ही निघूच शकलो नाही. नैसर्गिक आपत्तीच्या कलमावर बोट ठेवून कंपनी परतावा नाकारते आणि वर्षभराची क्रेडिट नोट (पैशांऐवजी पुढील सहलीसाठी वापरायची जमा) देऊ करते. वाद मुंबईतच चालेल, अशीही अट आहे. आम्ही सांगलीत राहतो.

उत्तर : क्रेडिट नोट तूर्त स्वीकारू नका, आणि ती मान्य असल्याचा अर्थ निघेल असे काहीही ईमेलवर वा व्हॉट्सअॅपवर लिहू नका. उद्रेक इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर झाला, तो कंपनीच्या हातात नव्हता, आणि राखेत विमान नेणे इंजिनासाठी धोक्याचे असते. त्यामुळे सहल हुकल्याची नुकसानभरपाई कंपनीकडून मिळणे अवघड आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो. परंतु भरपाई देण्याचे दायित्व नसणे आणि न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेण्याचा हक्क असणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि कंपनी नेमकी येथेच गल्लत करत आहे. करार पार पाडणे अशक्य होऊन तो रद्दबातल ठरला, तर त्याखाली ज्याने लाभ घेतला त्याने तो परत केला पाहिजे, असे भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ६५ सांगते. शिवाय सहल तुम्ही रद्द केलेली नाही, म्हणून प्रवाशाने माघार घेतल्यास लागू होणारी कपात तुम्हाला लावता येणार नाही.

आता तुमच्या करारातील नैसर्गिक आपत्तीच्या कलमाचे शब्द काळजीपूर्वक वाचा. आपत्तीमुळे झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही, एवढेच त्यात असेल, तर रक्कम जप्त करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. मात्र परतावा मिळणारच नाही असे स्वच्छ लिहिलेले असेल, तर ती अटच अनुचित असल्याचे म्हणावे लागेल, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे नव्हे, तर राज्य ग्राहक आयोगाकडे करावी लागते. अनेक तक्रारदार येथे चुकतात आणि त्यांचा बहुमोल वेळ वाया जातो.

विमान कंपनीला पीएनआर क्रमांकासह लेखी विचारा की तिकिटांचा परतावा पर्यटन कंपनीला दिला आहे का. तो दिला असेल, तर ती रक्कम अडवून ठेवण्याला कोणतेही समर्थन उरत नाही. बालीतील हॉटेलला भरलेले आणि खरोखरच परत न मिळालेले पैसे कंपनी वजा करू पाहील. तिच्याकडे पावत्या मागा. पावत्या खऱ्या निघाल्या, तर त्या रकमेवर तडजोड करणे मला रास्त वाटते.

पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. तरीही पैसे न आल्यास, आणि अटच अनुचित असल्याचा मुद्दा नसल्यास, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या आधारांवर सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येईल, कारण तक्रारदार जेथे राहतो तेथे दाद मागण्याची मुभा ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ३४ देते आणि मुंबईची अट तिच्या आड येऊ नये. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि नुसत्या पत्रव्यवहाराने ती वाढत नाही, म्हणून विमान रद्द झाल्याच्या दिवसापासूनच ती मोजा.