वजनासाठी भूक कमी करणारं इंजेक्शन घेणं ही पळवाट आहे का?

तुम्ही लिहिलंय की वय 34, वजन 94, उंची पाच फूट दोन इंच, शुगर बॉर्डरवर, आणि डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवलंय. घरी सासूबाईंचं म्हणणं, "तोंडावर ताबा ठेवला की झालं, सुया कशाला टोचून घ्यायच्या?" आणि तुम्हाला विचारायचंय की ही पळवाट आहे का, आणि एकदा सुरू केलं की जन्मभर घ्यावं लागतं का.

पळवाट नाही. दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येते, कारण "तोंडावर ताबा" हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे आणि आता ते दुसऱ्या कुणाला ऐकवलेलं मला सहन होत नाही.

मी सांगलीची, बँकेत नोकरी. माझं वजन 101 होतं. फॅटी लिव्हर, बीपीची गोळी, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) 6.3, आणि जिना उतरताना गुडघे बोलायचे. आमच्या घरात वजन हा विषय निघाला की तो माझ्या थोरल्या दिरांपाशी जाऊन थांबतो. 2018-19 च्या सुमारास घरोघरी "दीक्षित की दिवेकर" हा वाद रंगायचा, ते तुम्हाला आठवत असेल. दिवसातून दोनदाच जेवायचं, की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं. भाऊजींनी दोन वेळचं जेवण धरलं, चौदा किलो उतरवले आणि ते आजतागायत टिकवलेत. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांची शुगरही सुधारली. कुणाला ते लागू पडत असेल तर त्याने तेच करावं, इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नये.

मीही त्यांच्याबरोबरच सुरू केलं होतं. तीच वेळ, तेच ताट, संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत तेच चालणं. वजन उतरलं आणि मग सगळं परत चढलं. मधल्या काळात माझं काय व्हायचं ते सांगते. माझ्या मागच्या टेबलाच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये भडंगाचा पुडा असायचा. दुपारी चारपासून ब्रँच बंद होईपर्यंत तो पुडा तिथे आहे हे मला सतत माहीत असायचं. नोटा मोजताना माहीत असायचं, ग्राहकाशी बोलताना माहीत असायचं, व्हाउचरवर सही करताना माहीत असायचं. मी तो उघडायचे नाही. पण न उघडण्यातच माझी सगळी शक्ती जायची, आणि घरी जाऊन मुलाचा अभ्यास घ्यायला काही उरायचं नाही. ज्यांच्या डोक्यात ही कटकट चालत नाही त्यांना ती कितीही समजावली तरी समजत नाही.

मिरजेतल्या मेडिसिनच्या डॉक्टरांनी 2025 च्या उन्हाळ्यात मला टिर्झेपाटाइड सुरू केलं. म्हणजे मौंजारो, ते नुकतंच मार्चमध्ये भारतात आलं होतं. चिठ्ठी लिहून देण्याआधी त्यांनी किडनी, लिव्हर, थायरॉइडच्या तपासण्या केल्या, पोटाची सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे आहेत का पाहिलं, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झालाय का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, हे खोदून खोदून विचारलं. तेव्हा पेन मिळत नव्हतं, छोटी कुपी यायची. नर्सबाईंनी शिकवलं: इन्शुलिनच्या बारीक सिरिंजमध्ये औषध ओढायचं, बेंबीपासून दोन बोटं लांब पोटाची घडी चिमटीत धरायची, आणि दर आठवड्याला जागा बदलायची. टोचलेलं कळतसुद्धा नाही. कुपी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायची, फ्रीझरमध्ये अजिबात नाही.

सुरुवातीला काही वाटलं नाही. मग एक दिवस संध्याकाळी ब्रँच बंद करताना लक्षात आलं की आज दुपारभर भडंगाची आठवणच झाली नव्हती. पुडा होता, शेजारच्या बाई खात होत्या, मला देऊ केला तेव्हा मी चार दाणे घेतले आणि कामाला लागले. चाळिशी उलटल्यावर मला पहिल्यांदा कळलं की बाकीची माणसं अशी जगतात.

आता गौरीजेवणाची गोष्ट. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, सगळा घाट. पंगतीत मी एक पोळी घेतली, अर्धी संपवली आणि पोट भरलं. हे औषध घेताना भरल्या पोटावर आग्रहाचा घास घेतला तर रात्र उलट्यांत जाते, म्हणून मी पानावर हात आडवा धरला. जाऊबाई पोळी घेऊन उभ्या होत्या. भाऊजी समोरच्या पंगतीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पैसे टाकून बारीक व्हायचं, त्यात कसले कष्ट? आम्ही मनाच्या ताकदीवर केलं."

मी विचारलं, "भाऊजी, दोन जेवणांच्या मधे तुम्हाला भूक छळायची का?"

ते म्हणाले, "छे, आठवड्याभरात सवय झाली. मग भूक लागायचीच नाही."

मी म्हटलं, "मग ताबा कशावर ठेवलात?"

पंगतीत कुणी काही बोललं नाही आणि भाऊजी आजही त्याचा राग धरून आहेत. पण माझं म्हणणं तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. त्यांच्या शरीराने त्यांना साथ दिली, माझ्या शरीराने दिली नाही. जी भूक त्यांना लागलीच नाही, ती जिंकल्याचं श्रेय ते घेतात, आणि जी भूक मी वर्षानुवर्षं अंगावर काढली ती माझ्या स्वभावाचा दोष म्हणून मोजली जाते.

हे मी रागाने बोलत नाहीये, यामागे शास्त्र आहे. 2011 साली मेलबर्नच्या डॉक्टरांनी डाएटवर वजन उतरवलेल्या लोकांच्या रक्तातली भुकेची हार्मोन्स तपासली. वर्ष उलटून गेलं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं होतं आणि भूक भागल्याचा निरोप देणारी हार्मोन्स उतरलेली होती. वजन कमी झालं की शरीर ते परत मिळवायला बघतं, आणि ते प्रत्येकाच्या बाबतीत सारख्याच जोराने बघत नाही. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 नावाचं हार्मोन सुटतं, ते मेंदूला "पुरे" म्हणून सांगतं, पण रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं. औषधात त्याचीच आठवडाभर टिकणारी आवृत्ती असते. सेमाग्लुटाइड, म्हणजे ओझेम्पिक आणि वेगोवी, हे एकाच हार्मोनचं काम करतं. टिर्झेपाटाइड जोडीला जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचंही करतं. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडवर 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास आणि टिर्झेपाटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसवर 72 आठवड्यांत 20 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. माझं 83 वर आलंय, मोठ्या डोसपर्यंत न जाता.

भाऊजींच्या "कसले कष्ट" याचंही उत्तर इथेच देते. प्रत्येक वेळी डोस वाढवला की दोन-तीन दिवस मळमळ. कुजक्या अंड्यासारखे ढेकर. बद्धकोष्ठता अशी की इसबगोल कायमचं घरात आलं. मधे केस गळले. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे भूक नसताना प्रोटीन खाणं. सकाळी दोन अंडी, दुपारी पनीर किंवा मुगाची घट्ट उसळ, रात्री ताटात आधी डाळ आणि मग भाकरी. शिवाय आठवड्यातून तीन वेळा वजनं उचलणं. यात डॉक्टर अजिबात सूट देत नाहीत, आणि का देत नाहीत ते तुम्हीही नीट ऐका, कारण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे औषध घेऊ नये याचं खरं कारण मला तेच वाटतं.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आहे. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आपल्या लोकांकडे मुळातच स्नायू कमी आणि चरबी जास्त. म्हणूनच आपल्याकडे 25 बीएमआयपासून लठ्ठपणा धरतात, युरोपात 30 पासून. आणि या इंजेक्शनने जे वजन जातं त्यातला चौथा हिस्सा, काहींचा 40 टक्क्यांपर्यंत, चरबी नसून स्नायू वगैरे असतो. ज्याच्याकडे आधीच पुंजी कमी त्याने ती अशी घालवली तर काटा खाली येतो आणि माणूस साठीत जमिनीवरून उठताना आधार शोधतो. आमचे डॉक्टर दर भेटीला वजनाच्या आधी मला खुर्चीतून हात न टेकता उठायला लावतात.

म्हणून पार्लरमध्ये, जिममध्ये किंवा व्हॉट्सॲपवरून कुणी "स्लिमिंग इंजेक्शन" देत असेल तर ते घेऊ नका. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने लग्नाआधी असंच घेतलं. डोस कोण ठरवतंय हे तिला माहीत नव्हतं, तपासणी एकही नाही. सलाइनवर गेली.

जन्मभर घ्यावं लागतं का? बहुतेकांना लांब पल्ल्याचं घ्यावं लागेल अशीच तयारी ठेवा. सेमाग्लुटाइड बंद केलेल्या लोकांवरचा अभ्यास 2022 मध्ये आला, त्यात वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश परत चढलं होतं. सासूबाई म्हणतील, "बघा, म्हणजे औषधाचा काही उपयोग नाही." पण भाऊजींनी बीपीची गोळी बंद केली तर त्यांचं बीपीही परत चढेल, आणि ती रोज रात्री घेताना त्यांना आजवर कुणी पळवाट म्हटलेलं नाही. काहीजणांना कमी डोसवर वजन टिकवता येतं. माझं सध्या तेच चाललंय, पुढे काय ते डॉक्टर आणि मी मिळून ठरवू. तुमचं तुमच्या तपासण्यांवर ठरेल, ते मी इथून सांगू शकत नाही.

पैशांचं मात्र आधी ठरवा. मी सुरू केलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची कुपी 3,500 ला आणि 5 मिलिग्रॅमची 4,375 ला होती, म्हणजे महिन्याला 14,000 ते 17,500. सेमाग्लुटाइडचं पेटंट भारतात मार्च 2026 मध्ये संपलं, त्यामुळे देशी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला, तुमच्या डॉक्टरांना स्वस्त पर्यायाबद्दल स्पष्ट विचारा. चार महिन्यांपुरते पैसे जमवून सुरू करायचं आणि मग सोडायचं, यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा थांबा.

आणखी काही गोष्टी, ज्या मी खरं तर आधी लिहायला हव्या होत्या. तुमचं वय 34 आहे. मूल हवं असेल तर हे औषध आधी बंद करावं लागतं, किती आधी ते औषधानुसार बदलतं. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर आणि दरवेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे त्यांच्यावर विसंबू नका, दुसरं साधन वापरा. वजन उतरताना पाळी नियमित होते आणि ध्यानीमनी नसताना दिवस जातात. घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झालेलं कुणी असेल तर हे औषध तुमच्यासाठी नाही. पोटात असह्य दुखून कळ पाठीत गेली आणि थांबेना झाली तर ॲसिडिटी समजून घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवड्याचं इंजेक्शन चालू आहे हे सांगा, कारण पोट उशिरा रिकामं होतं.

आणि पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर घेऊन जा. मी भाऊजींना कधी नेलं नाही, नेणारही नाही, ते काही माझं ताट वाढत नाहीत. तुमच्या सासूबाई वाढतात. पोळी एकच का आणि उसळ दुप्पट का, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की निदान जेवणाच्या वेळी तुम्हाला रोज खुलासा करावा लागणार नाही.