झोप येत नाही? आधी रात्रीचं जेवण बघ

अगं, लगेच अश्वगंधाची डबी आणायला धावू नकोस. आयुर्वेदाचे जुने आचार्य चरक, त्यांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ, म्हणजे आधार, सांगितलेत. तू रात्री दहाला जेवतेस आणि दुपारी दोन तास झोपतेस. दुपारची झोप एरवी उन्हाळ्यातच चालते. आपल्या पावसाळ्यात वात आधीच भडकलेला असतो. साडेसातला कुळथाची पिठी नि मऊ भात खा, बस्स.

मग तळपाय. मला सगळ्यात गुण आला तो इथे. अंगात उष्णता असेल तर खोबरेल, कोरडेपणा असेल तर तिळाचं तेल कोमट करून काशाच्या वाटीने दहा मिनिटं चोळ. तळवे काळे होतील, घाबरू नकोस. तो तेलाचा आणि धातूचा रंग.

जायफळ आगरातलंच घे. सहाणेवर दोनच वेढे उगाळून कोमट म्हशीच्या दुधात घाल. झोपेसाठी चरकांनीही म्हशीचंच दूध सांगितलंय. जास्त जायफळ बाधतं, गरोदरपणी तर नकोच. आणि रात्री मासे खाल्लेस तर दूध नाही, तो विरुद्ध आहार.

घोरताना श्वास अडकतो असं घरचे म्हणाले, तर मात्र तेल-दुधावर थांबू नकोस, डॉक्टरांना दाखव.