बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपमधून दोघांना वर्षभर जर्मनीतल्या ग्राहकाकडे पाठवायचंय. माणसं कशी निवडावीत?

सगळ्यात हुशार ऑपरेटर उचलून पाठवणं ही नेहमीची चूक. इथे हेल्पर हाताशी असतो, स्टोअरवाला ओळखीचा असतो, अडलं तर सुपरवायझर मराठीत समजावतो. तिथे हे काहीच नाही. कामाची चाळणी पहिली लावा. चार-पाच जण निघाले की पुढे दुसऱ्याच गोष्टी बघायच्या.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी परीक्षा शॉपवरच होते. अनोळखी पार्टचं ड्रॉइंग द्या, सूचना इंग्रजीत, आणि एक माप मुद्दाम गाळा. कोणी अंदाजाने माप धरून जॉब लावेल, कोणी गप्प बसेल, कोणी येऊन म्हणेल, "हे माप दिसत नाही." हा तिसरा घ्या, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी. घरी मराठी, कचेरीत कन्नड, परप्रांतीय कामगारांशी हिंदी, अशी सवय असल्यामुळे आपल्याकडच्या पोरांना चुकतमाकत बोलायची लाज कमी. ही जमेची बाजू. धोका आहे तो न कळताही मान डोलावून "येस, येस" म्हणणाऱ्याचा. त्या एका 'येस'मध्ये अख्खी बॅच स्क्रॅप जाते.

मग घर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला व्यवस्थापनाच्या अभ्यासक रोझली टंग यांनी अमेरिकन कंपन्यांचा अभ्यास केला, तेव्हा परदेशी नेमणूक फसण्याचं पहिलं कारण निघालं जोडीदाराचं तिथे न रमणं. बायको इथेच राहणार असली तरी तिच्याशी बोला. सासूबाईंना दवाखान्यात कोण नेणार? शेताचं कोण बघणार? हे मालकाने विचारू नये. मालकासमोर कोणी "नाही" म्हणत नाही. बाहेरचा माणूस बसवा, आणि नकार दिला तर बढती अडणार नाही हे आधीच सांगा.

गड्याला स्वतःपुरता भात-आमटी करता येते का, हेही विचारा. हसू नका. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, आणि खोलीवर एकटा.

कागदांत एक विसरू नका: भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. माणूस तुमच्याच पगारावर राहून जात असेल तर जाण्याआधी ईपीएफओकडून (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) कव्हरेज सर्टिफिकेट काढा. ते असलं की पेन्शनची वर्गणी दोन्हीकडे भरावी लागत नाही. परतल्यावर कुठल्या जागेवर घेणार, तेही लिहून द्या. आणि तिसऱ्याचाही पासपोर्ट तयार ठेवा. तिकीट काढल्यावर घरची अडचण निघते ती दोघांपैकी एकाची हमखास.